ओढ्यापर्यंत पळणाऱ्या बायका

चार बायका पाण्याला जमल्या तरी किस्से होतात. आम्ही तर रोज सकाळी पोरं काखेला मारून पळत होतो! किस्से इतके साचलेत, की सांगताना हसावं का रडावं, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

पळायचं कारण साधं होतं. आमचं गाव जळकोटच्या बाजूचं, निजामाच्या राज्यात. ओढा ओलांडला की सोलापूरची हद्द. निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी लॉरीतून फिरत आसपासची गावं जाळत होती आणि आमची पुरुषमंडळी तिच्याशी लढायला पलीकडच्या कॅम्पात. तेव्हा शेजारच्या गंगाक्कानं फर्मान काढलं, "लॉरी आली तर वढा गाठायचा. आन् पळायची सवय आजपासनंच!"

सगळ्यात मागं मी. काखेत दोन वर्षांची शकू. रोज एकच धास्ती: खरी वेळ आली तर हिला घेऊन मी पोचेन का?

*

मी सोलापूरला शाळेत शिकलेली. तिथं ड्रिल होती. म्हणून पहिल्याच दिवशी ज्ञान पाजळलं, "तोंड मिटा. नाकानं श्वास घ्या!"

ओढ्याच्या वाटेवरच्या चिंचेपर्यंत जाऊन सगळ्याजणी मटकन खाली बसल्या. गंगाक्का धापा टाकत म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या त्या डिरिलात काखंला पोर हुतं का वो?"

नव्हतं!

*

निजामाच्या चौकीवरच्या शिपायानं एकदा अडवलं. "क्या बायांनो, कहाँ भागते?"

"म्हस सुटली, सायेब!" गंगाक्कानं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. "अजून गावली न्हाय, सायेब!"

तिसऱ्या दिवशी बघतो तर हा स्वतःच ओढ्याकाठी झुडपं धुंडाळतोय! "काळी है ना?" त्यानं काळजीनं विचारलं. मला उगाच गलबलून आलं. त्याच्याही घरी एखादी म्हैस असणार.

*

टेहळणी आमिनाकडं होती. आमिना म्हणजे पिंजाऱ्याची बायको, आमच्या भिंतीला भिंत. मुसलमान म्हणून तिला त्या टोळीची भीती नव्हती, तरी हे काम तिनं आपणहून घेतलं. लॉरीची धूळ दिसली, की तिनं घरावरच्या माळवदावर लाल वाकळ टाकायची.

एका सकाळी वाकळ पडली. आम्ही जीव खाऊन ओढा गाठला. दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात बसून राहिलो. शेवटी गंगाक्का हळूच बघून आली. लॉरी नाही, धूर नाही. माळवदावर आमिना कपाळाला हात लावून उभी.

"क्या करूं माय, पोरीनं रातीत भिजवली! सुकवायचं भी नाही?"

त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो, की कोण कशानं रडतंय ते कळेना.

*

पोरं लपताना रडू नयेत, म्हणून आम्ही त्यांना फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला द्यायचो आणि तोंडावर हात ठेवायचो. शकू लवकर शिकली. मला केवढा अभिमान!

मग एकदा ती उंबऱ्यावर आपटली. गुडघा फुटला. तिनं आवाज काढला नाही; स्वतःच्याच तोंडावर हात दाबून माझ्याकडं बघत राहिली. आई म्हणून मी नेमकं काय शिकवलं होतं, कोण जाणे. मागच्या दारी जाऊन तिच्या वाटचं मी रडून घेतलं.

*

आमच्यातल्या कोंडाबाईची एकुलती मुलगी पाळण्यातच गेलेली. तरी कोंडाबाई झोळीत ज्वारी बांधून, ती झोळी काखेला मारून पळायची. मी म्हटलं, "तुम्ही तरी मोकळ्या पळा!"

"मोकळी पळून कुठं जाऊ, बाई?"

दर पुनवेला ती झोळीत मूठभर ज्वारी वाढवायची. का, म्हणून विचारलं, तर माझ्याकडंच नवलानं बघितलं. "पोरगी वाढती की!"

*

पावसाळा सरता सरता हिंदी फौज आली. ओढा गाठायची गरजच पडली नाही. आम्ही साखर वाटली. आणि दोनच दिवसांत, त्या टोळीचा सूड म्हणून, कुठकुठली माणसं कुऱ्हाडी घेऊन पिंजाऱ्याचं घर विचारत आली. आमिनाचा नवरा बाजारातून परतलाच नाही. आमिना पोरीला घेऊन माझ्या मागच्या दारी उभी. तिचं माहेर ओढ्यापलीकडं.

ती पोचली. मी भित्री, म्हणून शेवट आधीच सांगून टाकते.

सकाळी तिला मी माझं लुगडं नेसवलं. गंगाक्कानं कुंकू लावलं. "त्वांड उघडायचं न्हाय." पण आमिनाचे हातपाय इतके कापत होते, की पोर उचलवेना. तेव्हा कोंडाबाईनं झोळी सोडली. ज्वारी माझ्या ओसरीवर ओतली. आमिनाची पोर झोळीत घेतली.

आम्ही पळालो. पहिल्यांदाच मी शेवटची नव्हते. माझा पदर धरून आमिना मागं होती.

चिंचेखाली तीच कुऱ्हाडवाली माणसं उभी. "कुठं पळताव गं?"

"म्हस सुटली!" गंगाक्का ओरडली.

बाकीचे हसले. एकजण हसला नाही. तो कोंडाबाईच्या काखेकडं बघत होता. शकूनं तोंडावर हात ठेवला.

"ही पोर कुणाची?"

कोंडाबाईनं पोरीला काखेत वर सरकवलं.

"माझी की. रोज हिला घिऊनच पळती म्या. इचारा कुणालाबी!"