मानाच्या बैलाची झूल

ती घटना अजून जशीच्या तशी आठवते, आणि नोकरीतल्या बहुतेक घटनांसारखी आठवून झोप उडत नाही, उलट हसू येतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझ्या हद्दीत, एका जुन्या दरवाजाजवळ, शहराच्या ऐतिहासिक वस्तूंचा संग्रह होता. संग्रहाच्या दालनाचं छत गळायला लागलं होतं, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तलवारी, हिमरूचे अंगरखे, पैठण्या, समया, अडकित्ते असं सगळं पेट्यांत घालून मागच्या खोल्यांत हलवलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी चालू होती. संग्रहाचे चिटणीस घाईघाईने आत आले आणि त्यांनी फिर्याद दिली. बैलाच्या पाठीवर घालायची एक जुनी झूल, लाल मखमलीची, जरीच्या कामाची, पेटीतून गेली होती. शहरातल्याच गारखेडा भागात राहणाऱ्या एका नोकरदार गृहस्थाने ती त्याच वर्षी संग्रहाला दिली होती. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि किल्ल्या एकट्या भांडारपालांच्या कमरेला. चिटणीस माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. "साहेब, उद्या संध्याकाळी समिती बसतेय. तोवर झूल मिळाली नाही तर त्यांना निलंबित करावं लागेल," ते म्हणाले.

भांडारपाल निवृत्तीला आलेले. सगळी उमर त्या पेट्यांच्या सहवासात गेली, आणि शेवटी चोर म्हणून घरी जायची पाळी. माझे वरिष्ठ फोनवर एकच वाक्य बोलले, "चोर घरातलाच असतो, आत घ्या त्याला." मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत मुदत द्या. मुदत मिळाली, वर दोन टोमणेही मिळाले.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. पेटीत कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले दोन अंगरखे आणि झुलीच्या जागी एक पितळी तांब्या. तांब्याच्या गळ्याला चिठ्ठी बांधून संग्रहाचा क्रमांक घातलेला.

"हा कपड्यांच्या पेटीत कसा?" मी विचारलं.

"चुकून इथं आला असावा. मागच्या आठवड्यात पेट्या भरताना नोकरांना कपड्यांत सापडला, म्हणून मी नोंद करून घेतली. घाट जुना वाटतो," चिटणीस म्हणाले.

घाट जुना असेलही, पण तांब्या चिंचेनं घासून लख्ख केलेला होता. मला ते खटकलं. तरी त्याचा अर्थ काही लागेना, म्हणून मी तांब्या मुद्देमालात घेतला आणि भांडारपालांना ठाण्यात आणलं.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आधी चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. चोर असेल तर तो चहा संपायच्या आत बोलायला लागतो, आपण कसे साधे, आपलं घराणं कसं चांगलं. भांडारपालांनी चहाला हात लावला नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, माझं व्हायचं ते होऊ द्या. पण ती झूल कुणी चारपदरी घडी घालून दाबून ठेवली असेल तर जरीची तार तुटणार. मी ती काठीवर गुंडाळून ठेवत होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मालाच्या घडीची काळजी करणारा चोर मी पाहिला नव्हता. हा माणूस निर्दोष आहे, हे माझ्या मनानं तिथंच घेतलं. पण मनानं घेतलेलं कोर्टात चालत नाही, समितीतही नाही.

त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र कळली. मागच्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली, तेव्हा सगळ्या पेट्या त्यांनी अंगणात काढून कपडे सावलीत हवेवर टाकले होते. फाटक उघडं होतं. बघायला चार लोक येऊन गेले. कपडे परत आत ठेवताना ऐन वेळी पावसाची सर आली, म्हणून नोकरांनी घाईघाईत पेट्या भरल्या.

दुपारी शहागंजाच्या बाजारातला माझा खबऱ्या आला. बैलांचे गोंडे, घुंगरमाळा, बाशिंगं विकणारा हा गृहस्थ मोठा बोलका. म्हणाला, "साब, एक बुढ्ढा आया था, अजिंठे की तरफ का. गोंडे लेके गया. मैं बोला, बाबा, नवी झूल घ्या ना. तो बोला, झूल नको, आमची जरीची झूल शहरातून परत आली. लई खूश था."

मी तडक गारखेड्यात झूल देणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते आपले प्रामाणिक, त्यांना काहीच माहीत नव्हतं. "वडील कुठं असतात?" मी विचारलं. "गावी, अजिंठ्याच्या अलीकडं. उद्या पोळा आहे ना, मानाचा बैल आमच्याच घरचा असतो," ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, झूल देताना मी वडिलांना दान वगैरे शब्द बोललो नव्हतो. त्यांना वाईट वाटलं असतं. एवढंच म्हणालो, इथं उंदीर लागतात, शहरात नीट सांभाळतील."

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन जीपनं गावात पोचलो, तेव्हा वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं आणि त्याच्यासमोर गावातले सगळे बैल रंगवून, सजवून उभे. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. मंगलाष्टका चालू होत्या. सगळ्यांच्या पुढं मानाचा बैल, पांढराशुभ्र, आणि त्याच्या पाठीवर आमचा मुद्देमाल उन्हात झळकत होता.

हवालदार पुढं सरसावला. मी त्याचा दंड धरला.

"साहेब, माल समोर आहे, ताब्यात घेऊ की."

"मंगलाष्टका चालू असताना नवरदेवाच्या अंगावरचा शेला ओढतोस? हे सगळं गाव आपलं तोरण करील. गप उभा राहा आणि अक्षता टाक."

त्यानं अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. मानाच्या बैलानं तोरण तोडलं, हलगी कडाडली, बैल मारुतीला प्रदक्षिणा घालून घरोघर ओवाळायला निघाले. मग पोलीस पाटलानं गारखेड्याच्या गृहस्थांच्या वडिलांना, त्या म्हाताऱ्या बाबांना, पारावर आणून बसवलं. डोक्याला नवा फेटा, कपाळाला गुलाल, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

"बाबा, झूल कुठून आणली?"

"शहरातून. पोरानं ठिवायला दिली व्हती तिथून."

"कुणाला विचारून?"

"इचारायचं काय त्यात? गावची पंगतीची भांडी पाटलाच्या घरी असत्यात. ज्याच्या घरी लगीन, त्यो कढई नेतो, काम झालं की घासून आणून ठिवतो. पाटील काय त्या कढईचा मालक हाये व्हय?"

"अहो, पण सांगून तरी न्यायची."

"पाटील घरी नसला तर घरचं एक भांडं तिथं ठिवायचं. म्हंजी कळतं, कुणीतरी नेलंय, आणून दील. तुमचा त्यो माणूस आत पेट्या लावत व्हता, म्हून म्या झूल घेतली अन् माझा तांब्या ठिवून आलो."

हवालदार माझ्याकडं बघायला लागला. मी खालच्या आवाजात, पण कडकपणे म्हणालो, "बाबा, कायद्यात याला चोरी म्हणतात."

बाबांना तो शब्द लागला. "चोर घरचा तांब्या ठिवून जातो व्हय, सायेब?"

दंड संहितेत या प्रश्नाला कलम नव्हतं. मग मी त्यांना भांडारपालांची गोष्ट सांगितली. एक माणूस आज संध्याकाळी तुमच्यामुळे नोकरीतून बाजूला होणार, चोर ठरणार. बाबा एकदम उठले. "त्यांनी तर मला प्यायला पाणी दिलं व्हतं वो. चला, आत्ता चला." पुरणपोळी खाल्ल्याशिवाय गाव आम्हाला सोडायला तयार नव्हतं, म्हणून घरच्या सुनेनं पोळ्या फडक्यात बांधून जीपमध्ये दिल्या. झूल बाबांनी मांडीवर घेतली आणि वाटेत कुणाला हात लावू दिला नाही.

समिती बसायच्या आत आम्ही पोचलो. भांडारपालांना बोलावून घेतलं. बाबांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्यांच्या पायावर ठेवायला वाकले. भांडारपालांनी त्यांना वरच्यावर धरलं. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडून रडणार. तशी तयारी ठेवून मी खिडकीकडं तोंडही केलं.

तेवढ्यात भांडारपालांची नजर झुलीवर गेली. "हा गुलाल कशाचा? अहो, जरीवर गुलाल?"

"पोळ्याला गुलाल नाय उधळायचा तर काय राख उधळायची?"

"मखमलीवरचा डाग निघत नाही बाबा."

"नाय कसा निघत? माझी आई बाजरीचं पीठ टाकून झटकायची. तुमच्या त्या डांबराच्या वासानं माझा बैल शिंकत व्हता."

एवढी वर्षं मी ठाण्यात भांडणं ऐकली, ती सगळी "माझं आहे, मला द्या" याचीच. झूल कुणी जास्त नीट सांभाळली यावरून दोन म्हातारे भांडताना प्रथमच पाहिले. चिटणीस हसू दाबत होते. समितीपुढं मी तोंडी अहवाल दिला, निलंबनाचा विषय निघालाच नाही. गुन्हा गैरसमजुतीचा म्हणून सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली आणि ती मंजूर झाली. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "चोर घरातला निघाला का?" मी म्हटलं, "हो साहेब, पण घर आपण समजत होतो त्याच्यापेक्षा मोठं निघालं."

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की आपण ज्याला कुलपात ठेवलेला माल म्हणतो, तो कुणाच्या तरी घरी सणाच्या दिवशी लागणारी वस्तू असतो. पुढं अशी कुठलीही फिर्याद आली की चोर शोधायच्या आधी मी एक विचारत असे, ही वस्तू वर्षातून कोणत्या दिवशी कामाला येते?

त्या संध्याकाळी शेवटचं काम राहिलं होतं ते भांडारपालांच्या जबाबाचं. ठाण्यात नेहमी लिहितात तसं मी लिहून घेतलं, "माझी सदर इसमाविरुद्ध काहीएक तक्रार नाही." त्यांनी सही करायला पेन उचललं, झुलीवर पीठ भुरभुरत बसलेल्या बाबांकडं पाहिलं, आणि सहीच्या आधी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, "मात्र पुढच्या पोळ्याला गुलाल उधळू नये."