नामाचा कंगवा

वळ गावात लडकूमामांना सगळे ‘फौजी’ म्हणतात, पण फौजेत त्यांनी केलं काय, हे कुणी कधी विचारलं नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत बोलवायचं, शाल-नारळ द्यायचा आणि भाषण मात्र पुढाऱ्याने ठोकायचं, अशी आमची देशभक्ती. ठकुमामी गेल्यापासून गोदामांच्या मधे अडकलेल्या घरात मामा एकटेच असतात. दारावरून दिवसभर कंटेनर जातात, हाक मारणारं कुणी जात नाही.

यंदा शाळेत इतिहासाला हेमाली मॅडम आल्या. त्या पोरांना म्हणाल्या, "लढाई पुस्तकातून पाठ करू नका. जो तिथे होता त्याला विचारा, त्याच्याकडची वस्तू बघा." आणि सातवीचा वर्ग घेऊन थेट मामांच्या ओटीवर आल्या. शेजारी म्हणून मीही जाऊन बसलो.

मामांनी मागच्या रिकाम्या गोठ्यातून पत्र्याचा डबा आणला. आत एक कंगवा होता. मेलेल्या माणसाची वस्तू म्हणून मामींनी तो कधी घरात घेऊ दिला नव्हता.

"एकाहत्तरच्या लढाईत माझी ड्युटी व्हती, गेलेल्यांचं सामान बांधून घरी धाडायचं," मामा म्हणाले. "हा नामाचा. खारबावचा, माझ्याच पलटणीतला. साहेब बोलला, केस गुतलेला कंगवा आईला धाडू नको, तिला बघवायचा न्हाय. मग टाकू कुठं? ठेवला."

रुचिका नावाची मुलगी वाकून बघत होती. "केस अजून काळेच आहेत," ती हळूच म्हणाली.

"तो कुठं म्हातारा झाला," मामा म्हणाले.

त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. निघताना मॅडमनी शाळेतल्या प्रदर्शनासाठी कंगवा मागितला. मामांनी डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडून पाहिला आणि दिला.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही दोघं गेलो. टेबलावर झेंडूची फुलं आणि मधोमध कंगवा, अगदी लख्ख. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आक्काने तो साबण लावून ब्रशने घासला होता. पाहुणे यायचे म्हटलं की दिसेल ते घासायचं, ही आमच्याकडची रीतच.

"केस व्हतं ना त्यात," ती कौतुकाने म्हणाली. "लोकांसमोर बरं दिसतं का?"

मामांनी कंगवा उचलून उलटसुलट करून पाहिला. "चकाचक केलास गो," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात रुचिका आली. "आजोबा, केस कुठे गेले?" मॅडमही वळल्या. आपण काय केलं ते आक्काला आत्ता कळलं.

"मीच काढून ठेवलं," मामा म्हणाले. "घरी हायत."

आक्काने मान खाली घातली. रुचिकाने मामा म्हणाले तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो. मामा गोठ्याच्या दारात बसून परत आणलेल्या कंगव्याच्या दात्यांवरून बोट फिरवत होते. मी कप त्यांच्या बाजूला ठेवला.

"एवढे दिस नामा व्हता," मामा म्हणाले. "आता नुसता माझ्या बोलण्यात उरला."