घासणी खाल्लेले शिंपले

चेरीताल मोहल्ल्यात आमच्या शेजारी राजश्रीवहिनी राहतात. त्यांच्या अंगणात तुळस आहे, स्कूटर आहे आणि शिंपल्यांचा हौद आहे. लेकीच्या लग्नातल्या नथीला घरचाच मोती लावायचा, हा त्यांचा हट्ट. शिंपल्यात इवलासा मणी बसवायचा, तो जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगायचा आणि वाट बघायची. वाट बघणं वहिनींना जमत नाही. म्हणून त्या रोज सकाळी पिशव्या घासायच्या, पितळेच्या डब्यांसारख्या खसाखसा.

लग्न महिन्यावर आलं आणि एक शिंपला मेला. लेक प्रणोती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"आई, याच्या पोटात प्लास्टिक आहे. बारीक धागे. हिरवे आणि गुलाबी."

"नळाच्या पाण्यातूनच आलं असेल! भाऊजी, पालिकेला तक्रार लिहा!"

मी कागद काढून 'विषय' लिहिलाही. तेवढ्यात प्रणोतीने हौदातल्या हिरव्या जाळीकडे बोट दाखवलं, मग आईच्या हातातल्या गुलाबी घासणीकडे. ती झिजून अर्धी झाली होती.

"बाकीची अर्धी कुठे गेली, आई?"

वहिनींनी घासणीकडे पाहिलं, शिंपल्यांकडे पाहिलं.

"अगं बाई! मी यांना घासणी खाऊ घालून राहिले होते?"

त्या हसत हौदाच्या काठावर बसल्या आणि हसता हसता आत पडल्या. बाहेर काढायला गेलो, तर मीही कोपरापर्यंत भिजलो.

"आता मोती तरी होतील का नाही?" ओल्या पदराने तोंड पुसत त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र आवाज बारीक झाला होता.

नायलॉनच्या पिशव्या गेल्या, बांबूच्या टोपल्या आल्या. घासणी प्रणोतीने कुलपात ठेवली. वहिनी हात मागे बांधून हौदाभोवती फेऱ्या मारत.

"काहून फिरता हो?" मी विचारायचो.

"हात शिवशिवतात ना, भाऊजी!"

लग्नाच्या आठवड्यात शिंपले उघडले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात मणी तसाच कोरा. वहिनी देवाचं नाव घेऊ लागल्या. तिसऱ्यात मोती निघाला! वाटाण्याएवढा, गुलाबीसर, एका बाजूने फुगलेला.

"चलो, अगदी गाल फुगवून बसणाऱ्या आमच्या आत्यावर गेलाय," प्रणोती म्हणाली. वहिनींनी अंगणात फुगडीच धरली, माझ्याबरोबर.

मांडवात नागपूरची एक पाहुणी नथीकडे वाकून म्हणाली, "छान आहे हो. प्लास्टिकचा आहे का?"

वहिनी अशा हसल्या की भटजी मंगलाष्टक विसरले. नवरीलाही हसू आवरेना, आणि नथ नाकावरून घसरतच राहिली.