एकावन्न हजारांची जीप

परवा माझा नातू जळगावच्या शोरूममधून एक कागद घेऊन आला. चारही चाकांना जोर असलेली, खडकावर चढणारी, नाल्यात उतरणारी गाडी, सगळं मिळून एकवीस लाख चाळीस हजार. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडा तोच.

"एवढ्या पैशात माणूस मारून, खटला लढून, सुटूनसुद्धा येता येईल," मी म्हणाले.

सून म्हणाली की सकाळी सकाळी असलं बोलू नका. पण मी उगाच बोलत नव्हते. जीपपायी आमच्या घराने एक पाय, दोन दात आणि एक खांदा घालवलेला आहे, आणि ती जीप मुळात चौदा हजारांची होती.

ती आली तेव्हा मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. माझा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे नाना म्हणत, दोघं धुळ्याला गेले आणि एका भंगारवाल्याकडून लष्कराने काढून टाकलेली जीप घेऊन आले. सात हजार याचे, सात हजार त्याचे. दार नाही, छप्पर नाही, हिरवा रंग पोपडे धरलेला. पण चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी, आणि तिथल्या नाल्यात बैलगाडी रुतली की बैलाच्या तोंडाला फेस येईपर्यंत मारावं लागे. ही जीप त्याच नाल्यातून गुरगुरत वर निघाली. भाऊ भाऊ आळीपाळीने चालवत. एकाच ताटात जेवत होते तोवर जीप कुणाची हा प्रश्नच नव्हता.

मी धुळे शहराची. शहरात वाढलेली म्हणून मला अक्कल जास्त, अशी माझी ठाम समजूत होती. आज त्या मुलीकडे पाहिलं तर मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पाटल्या कोपरापर्यंत सरकवून चालायची, जाऊबाईंच्या अहिराणीला हसायची आणि स्वतः बोलताना पुस्तकातल्यासारखं बोलायची. जाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणे, ती मला धुळेवाली. शाळेत गेलेली नव्हती, म्हणून मी तिला भोळी समजत असे.

सासरे गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. तीन पंच ओट्यावर बसले. जमीन, विहीर, गुरं, भांडी दुपारपर्यंत उरकली. राहिली जीप. जी वस्तू कापून वाटता येत नाही तिच्यासाठी आमच्याकडे घरातल्या घरात बोली लागते. एक भाऊ किंमत सांगतो, दुसरा तिच्यावर चढवतो. ज्याची बोली शेवटची त्याची वस्तू, आणि त्या किमतीतले अर्धे पैसे त्याने दुसऱ्याला द्यायचे. नियम एवढाच. लहान पोरालाही कळेल. मला कळला नाही.

बायका दाराच्या आत. बाहेर यायचं नाही, पण बांगड्या ऐकू जातील एवढं दार उघडं. वीस हजारांवर बोली सुरू झाली. नाना बावीस म्हणाले. माझ्या नवऱ्याने मागे वळून दाराकडे पाहिलं, मी बांगड्या वाजवल्या. पंचवीस. शेजारी अक्का तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली होती. मान वर न करता तिने हात जरासा हलवला. तिच्या दोन काचेच्या बांगड्या किणकिणल्या, आणि बाहेर नाना अठ्ठावीस म्हणाले. मग माझं डोकं फिरलं. तिने एकदा हात हलवला की मी चौकटीवर मनगट आपटायची. माझ्या चार बांगड्या फुटल्या, काच हातात शिरली, रक्त कोपरापर्यंत आलं, तरी मी आपटतच होते. त्यात मला केवढा पराक्रम वाटत होता. एकावन्न हजारांवर पलीकडून आवाज आला नाही. जीप आमची झाली. अक्का उठली आणि तिने पंचांसाठी चहा टाकला.

एकावन्न हजारांत त्या वेळी शोरूममधली कोरी जीप आली असती. नानांना द्यायच्या साडेपंचवीस हजारांसाठी माझ्या पाटल्या, एक बैलजोडी आणि त्या वर्षीचा कापूस गेला. तरी मी मान वर करून फिरत होते. पंधरा दिवसांनी अक्का नवी कोरी पोत गळ्यात घालून माझ्या अंगणात आली. पोतीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "धुळेवाली, तुन्या बांगड्यास्नी माले पोत दिधी."

म्हणजे तिला जीप नकोच होती. ती डाळ निवडत निवडत भाव चढवत होती, आणि अर्धा भाव तिच्याच घरी जाणार होता.

नवरा जेवायला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. जेवढं तिने म्हटलं तेवढंच सांगितलं असतं तर मी मी कसली? त्यात नानांची दोन वाक्यं घातली, जी नानांनी कधी उच्चारली नव्हती. त्यातलं एक त्याच्या मर्दानगीबद्दल होतं. त्याने आधी माझ्या कानाखाली वाजवली. ताट भिंतीवर फेकलं, वरण खाली ओघळलं. आज कुणी असा हात उचलला तर मी तो मनगटातून मोडेन, पण तेव्हाची दिवटी मार खाऊन, गाल धरून, त्याच्याच शेजारी जीपमध्ये जाऊन बसली.

नानांची बाग निसवलेली होती. प्रत्येक खोडावर घड लोंबत होता, महिन्या-दीड महिन्यात कापणीला येणारा. नवऱ्याने चारही चाकांना जोर दिला, खालचा गियर टाकला आणि बांध ओलांडून जीप सरळ बागेत घातली. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी. चाक आलं की ते भस्सकन फुटतं, आणि वरचा घड गाडीच्या नाकावर येऊन आदळतो. एक ओळ, दुसरी, तिसरी. चीक आमच्या तोंडावर उडत होता, कच्ची केळी पायात चिरडत होती. तो वळवायचा आणि पुन्हा नव्या ओळीत घालायचा. मी त्याला दाखवत होते, इकडे राहिली, तिकडे राहिली. घरात आंधळी कोशिंबीर खेळावी तशी हसत होते.

मग मला अक्का दिसली. पाच-सहा खोडं पुढे, जांभळं लुगडं, हातात विळा. ती गवत कापायला आलेली असणार. पळाली नाही. एका खोडाला पाठ लावून उभी राहिली, जणू तेवढं एक तरी झाड ती राखणार होती. नवऱ्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याची नजर डाव्या बांधावर होती, कारण तिकडून नाना कुऱ्हाड घेऊन पळत येत होते. मला दिसत होतं. तोंड उघडायचं होतं, एवढंच. गळ्यातली पोत चमकली, आणि मी तोंड उघडलं नाही.

पाच खोडं फुटायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मी गप्प बसले.

शेवटच्या क्षणी त्याने स्टिअरिंग फिरवलं. ती बाजूला फेकली गेली आणि मागचं चाक तिच्या गुडघ्याखालच्या पायावरून गेलं. खोडाचा आवाज वेगळा, हाडाचा वेगळा. तेवढ्यात नाना पोचले. पहिला घाव बॉनेटवर, दुसरा पुढच्या काचेवर, तिसरा माझ्या नवऱ्याच्या खांद्यात. मी पायाखालचा चाक खोलायचा पाना उचलून फेकला. तो नानांच्या तोंडावर लागला आणि दोन दात त्यांच्या सदऱ्यावर येऊन पडले. मग सगळे एकदम थांबले, कारण अक्का ओरडत नव्हती. ती आपल्या पायाकडे बघत होती. पाय भलत्याच बाजूला वळलेला होता.

त्या भागात दुसरी गाडी नव्हती. मोडक्या नाकाची तीच जीप, तीच चालवायची. नाना तोंडातून रक्त थुंकत चालवायला बसले, शेजारी माझा नवरा फाटलेला खांदा दाबून. मागे मी, आणि माझ्या मांडीवर अक्काचं डोकं. काच नव्हती, वारा सरळ तोंडावर येत होता. नाल्यात गचका बसला तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "त्याले मी दिसनू नही ना व?"

"नाही अक्का," मी म्हणाले. "पानांत कुणालाच दिसलं नाही."

तिने मनगट सोडलं आणि डोळे मिटले.

हवालदार दवाखान्यात आला तेव्हा तिनेच त्याला सांगितलं की अपघात झाला, पानांत दिसलं नाही. त्यावर नानांनी दातांची गोष्ट गिळली, आम्ही कुऱ्हाडीची. दोन्ही घरं त्या एका वाक्यावर तगली. पाय वाचला, पण वाकडा आणि आखूड. ती काठी घेऊन चालू लागली, आणि तरीही दर हिवाळ्यात माझ्याकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवत राहिली. माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, नाना त्याच्याही आधी. जन्मभर तो तिच्याशी तिच्या पायाकडे न बघता बोलला. आपण तिला पाहायला हवं होतं, असं तो मला कितीदा तरी म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

ती जीप पुढे भंगारात गेली. त्यानंतर असल्या गाड्यांचे भाव मी कान लावून ऐकत आले. मुलाने चौकशी केली तेव्हा साडेतीन लाख. नातू शाळेत गेला तेव्हा सहा, कॉलेजात गेला तेव्हा दहा. आता एकवीस. पूर्वी लष्कराने टाकलेली गाडी शेतकरी घ्यायचा, कारण त्याला चिखलातून जावंच लागे. आता रस्ते झाले, आणि चिखल शोधत जाणारी माणसं निघाली. त्यांच्यासाठी गाडीला दोरखंड ओढायचं यंत्र, छपरावर दिवे, पाण्यात बुडली तरी श्वास घेणारी नळी. प्रत्येकाचे पैसे वेगळे. नातवाने सगळं समजावून सांगितलं. मी म्हटलं, आमच्या जीपला यातलं काही नव्हतं, तरी तिने पुष्कळ काम केलं.

एकवीस लाख एका घराच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून माझ्या नातवाने भागीदार शोधला, आणि तो कोण, तर अक्काचा नातू. गेल्या रविवारी सगळे आमच्या ओट्यावर जमले. अक्का सत्त्याहत्तरची, मी एकाहत्तरची. ती खुर्चीत, काठी मांडीवर. बोलणं गोडीत चाललं होतं, तोवर नोंदणी कुणाच्या नावावर हा विषय निघाला. दोघांनाही आपलंच नाव हवं. आवाज चढले. अक्काचा नातू म्हणाला, घरातली बोली लावू, जो चढेल त्याचं नाव. माझ्या नातवाने त्याची कॉलर धरली. त्याने याच्या छातीत ठोसा मारला आणि पाण्याचा माठ फुटला.

अक्का हसत होती. म्हणाली की मारू दे एकमेकांना, जवान आहेत. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, तिने जुनी आठवण काढली. आपल्या वेळी एवढं झालं, पण त्याने मुद्दाम केलं नव्हतं, दिसलंच नव्हतं, म्हणून आज ही पोरं एका ओट्यावर आहेत. या भागीदारीला तिने हो म्हटलं होतं ते याच भरवशावर.

आता गप्प बसणं सोपं होतं. गाडी आली असती, घरं एक राहिली असती. पण माझ्यासमोर दोन कॉलरी होत्या, आणि बोली माणसाला कुठवर नेते ते त्या ओट्यावर आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "त्याला दिसली नव्हतीस. मला दिसली होतीस. पाच खोडं आधी. मी बोलले नाही."

पोरांनी कॉलर सोडली. माठाचं पाणी ओट्यावरून खाली ठिबकत होतं. अक्का खुर्चीत पुढे सरकली.

"पोतनागुंता?" तिने विचारलं. पोतीसाठी?

मी हो म्हणून मान हलवली.

ती काठी टेकून उठली. मला वाटलं घरी चालली. तिने काठी उलटी धरली आणि माझ्या नडगीवर मारली, वाकड्या पायावर सगळा भार टाकून. दुसरी त्याच जागी. तिसरी हातावर, कारण मी हात मध्ये घातला होता. माझा मुलगा धावला, त्याला मी अडवलं. चौथी खांद्यावर बसली आणि तिला धाप लागली. ती खुर्चीत कोसळली. सुनेला हलता येईना, म्हणून मीच लंगडत आत जाऊन तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

ती सावकाश प्याली. पदराने तोंड पुसलं आणि दोघा नातवांना सांगितलं की नाव दोघांचंही नको, कागदावर तिचं नाव लावा, आणि बोलीचं नाव पुन्हा काढलं तर ती गाडी पेटवून देईल. "भाव वाढाना पहिले ली ल्या," ती म्हणाली. भाव वाढायच्या आत घेऊन टाका.

मग तांब्या माझ्या हातात दिला, काठी उचलली आणि पाचवी मारली.