पाण्यातला वारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता ते पोटात ठेवणं जमेनासं झालंय.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. रंग म्हणजे तरी काय — द्रवात तरंगणारे बारीक कण. ते किती बारीक, हे बघायचं कसं? दाट पांढऱ्या रंगातून उजेड आरपार जातच नाही. पण आवाज जातो. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज एका बाजूने सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती क्षीण होऊन पोचला ते मोजायचं, की त्यावरून मशीन कणांचं माप सांगतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. खरं सांगू? अजूनही येतो. डोळ्यांनी जिथे हात टेकले तिथून आवाज खबर घेऊन येतो, हे नवल मला कधी जुनं झालं नाही.

आणखी एका माणसाला ते तितकंच नवलाचं वाटायचं. दामूकाका, आमच्या लॅबचे अटेंडंट. भांडी धुणं, नमुने आणणं ही त्यांची कामं. पण मशीन सुरू झालं की हातातलं ठेवून मागे येऊन उभे राहायचे. त्यांचे वडील ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात राबलेले. काका स्वतःही लहानपणी तिथेच वाढलेले. पाण्यात काय आहे, काय नाही, हे त्यांना नुसतं बघून कळायचं. मला पदवी असून कळत नसे — आणि ते मला थोडं झोंबायचं.

एका सकाळी मोठी ऑर्डर निघायची होती. मी घाईत नमुना जोरजोरात ढवळला आणि मशीनमध्ये ओतायला घेतला. काका मागून म्हणाले, "यान वारा भरलाय, मॅडम. जरासा तसाच ठेवा, निंगल तो."

मी ऐकलं. ऐकू आलं नाही, असं नाही म्हणता येणार. आणि तरी ओतला.

आकडे भलतेच आले. कण फार मोठे दिसत होते. माल अडवला, गाडी रिकामी परत गेली. संध्याकाळी तोच नमुना पुन्हा लावला — तोवर तो निवांत पडून होता — तर आकडे चोख. रंगात खोट नव्हतीच. मी ढवळून आत कोंबलेल्या हवेने, डोळ्याला दिसणारही नाहीत अशा बुडबुड्यांनी, आवाज गिळला होता. मी थक्क होऊन बसले. लाखमोलाच्या मशीनने दिवसभरात जे दाखवलं, ते काकांनी सकाळीच सांगितलं होतं.

तेवढ्यात साहेब आले. सकाळी चुकलं कसं, म्हणाले.

आणि मी — काय म्हणाले मी? "काका भांडी साबणाने धुतात, नीट विसळत नसतील." नसतील. खोटंसुद्धा धड ठामपणे बोलले नाही. काका बेसिनपाशीच होते. त्यांनी नळ बंद केला.

सोमवारपासून त्यांना गोदामात पाठवलं, पोती मोजायला. लॅबमध्ये त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात मी एक नियम लिहिला: नमुना ढवळल्यावर हवा निघेपर्यंत स्थिर ठेवावा. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तो कागद मशीनच्या वर अजून लावलेला आहे, खाली माझी सही आहे.

निवृत्तीच्या दिवशी काका पेढे घेऊन आले. लॅबच्या दारातच थांबले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. बराच वेळ मशीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आता वारा जाऊन देता ना, मॅडम?"

मी हो म्हणाले.

त्यांना खरंच बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं मला ते. पेढा हातात घेऊन मी उभी होते, आणि 'हो'च्या पुढे एक शब्द बोलले नाही.