विमानाला फुटलेला पाय

विमानाच्या पोटाला टेकवलेली ॲल्युमिनियमची शिडी मी तशीच विसरलो आणि जेवायला गेलो. परत आलो तर आमच्या चाचणीप्रमुख मॅडम पडद्यावरची करंटची रेघ बघत कानामागं पेन्सिल खोचत होत्या. पेन्सिल कानामागं गेली की समजावं, कुणाचं तरी काही खरं नाही.

"गड्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या विमानाला पाय फुटलाय बघ."

आमचं चाचणी केंद्र म्हसवडकडच्या माळावर. अणुस्फोट झाला तर आभाळातून विजेचा एक झटका येतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण विमानाच्या वायरींत शिरून यंत्रं बंद पाडू शकतो. तसला झटका आम्ही मुद्दाम, बेतानं देतो. विमान लाकडी ओट्यावर उभं करायचं, वर ताणलेल्या तारांत झटका सोडायचा आणि आत कुठल्या वायरीत किती करंट आला ते मोजायचं. धातूची वस्तू जवळ राहिली की मोजमाप फसतं, म्हणून शिडीसुद्धा लाकडीच. हे मला पाठ होतं. तंत्रज्ञ म्हणून पगार त्याचाच घेतो.

मॅडम कवठे महांकाळच्या. सगळं आधी संगणकावर करून बघायच्या, पण त्याच्यावर विसंबायच्या नाहीत. म्हणायच्या, "त्यो सांगतोय ते आपणच त्याला शिकवलेलं असतंय."

पुढं एका विमानाच्या नियंत्रणाच्या केबलीत भलताच करंट दिसला. संगणक म्हणत होता सगळं ठीक. विमान दोन दिवसांत वैमानिकांच्या ताब्यात द्यायचं होतं. केंद्राच्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा शिडीच राहिली असेल, तुम्ही कबूल करा, मामला मिटेल, म्हणाले. माझी कीर्तीच अशी, की क्षणभर मलाही शिडी दिसायला लागली.

मॅडमनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, विमानाभोवती स्वतः फिरून आल्या आणि झटका पुन्हा सोडला. रेघ तीच. साहेबांनी 'पास'चा कागद पुढं सरकवला.

"ह्या केबलीच्या टोकाला कोणतरी बसलेला असतोय, साहेब. मी सही करणार न्हाई."

सही करणारे दुसरे मिळतील, साहेब म्हणाले.

"मिळतील की. रेघ दुसरी मिळायची न्हाई."

मग साहेब माझ्याकडं वळले. "शिडी नव्हती," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी परत विचारलं, आणि आयुष्यातलं एकुलतं एक धाडस मला लागोपाठ दोनदा करावं लागलं.

केबलीवर धातूच्या जाळीचं आवरण चढल्याशिवाय ते विमान हललं नाही. हलल्या त्या मॅडम. लांबच्या गावी, टेबलावरच्या कामाला बदली. आता त्यांच्या स्टुलावर कुणीही बसतं. रेघेकडं इतका वेळ कुणी बघत नाही.

बदलीचा हुकूम आला तेव्हा निरोप समारंभ करायचा नाही, असंही तोंडी बजावलं गेलं. संध्याकाळी भीत भीत बायकोला सगळं सांगितलं. ती आष्ट्याची, दोन भाऊ फौजेत. वाटलं, आता माझ्या बढतीचं विचारणार. तिनं गॅसवर पुरणाची डाळ चढवली.

"मॅडमना उद्या जेवायला घेऊन या," ती म्हणाली. "आणि आवं, मागल्या वाटेनं न्हाई. साहेबांच्या बंगल्यावरनं आणा."