पाहुण्यांचा टॉवेल

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन सकाळी आला. "दिन्या गेला रं." मी दौंडला, नोकरीच्या गावी, आरशासमोर दाढी करत होतो. विचारलं, "कुठं? राहूच्या जत्रेला का?" कारण जत्रांचे दिवस तोंडावर आले की दिनेश कुठं ना कुठं गेलेलाच असायचा. कुस्त्यांच्या मैदानात माईकवर पुकारा करायला त्याला गावोगावची बोलावणी असत. आबा म्हणाले, "आरं, तसा न्हाई. दुकानाचं शटर वर करताना छातीत कळ आली, आन् जाग्यावरच..." लोक म्हणतात, अशा वेळी डोळ्यांसमोर अंधारी येते. मला आधी राग आला. ह्या माणसानं आयुष्यभर माझं डोकं खाल्लं आणि वाद अर्धवट टाकून निघून गेला. असं कुणी करतं का?

दिनेशचे वडील, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, बिहारमधून सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला आले आणि आमच्या घरामागच्या एका खोलीत भाड्यानं राहिले. दिनेश त्याच खोलीत जन्मला. मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा, एवढं सोडलं तर आमच्यात काही फरक नव्हता. एकाच अंगणात वाढलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलो, एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. पण मराठी त्याची माझ्यापेक्षा चांगली होती आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. चाचांना तर त्यानं नको करून सोडलं होतं. चाचांचं एक कायमचं चुकायचं. हिंदीत आपलं एकच 'हम', त्यामुळे ते मराठीतही सगळीकडं 'आम्ही'च घालायचे. माझ्या ताटाकडं बघून प्रेमानं म्हणायचे, "चला बाळासाहेब, आम्ही जेवू." मी म्हणायचो, "जेवा की चाचा, मी बघतो." सगळे हसायचे आणि दिनेश तापायचा. "बाबूजी, किती वेळा सांगू? समोरच्याला धरून बोलायचं तवा आपण. समोरच्याला सोडून बोलायचं तवा आम्ही." चाचा मान डोलवायचे आणि पुढच्याच वाक्यात म्हणायचे, "हां, आम्ही समजले."

मी म्हणायचो, "सोड ना दिन्या, म्हाताऱ्याला कशाला पिडतोस?" तर माझ्यावरच घसरायचा. कारण त्याचा सगळा जीवच 'आपण' ह्या एका शब्दात अडकला होता. हे मला उशिरा कळलं असं नाही, आधीपासून कळत होतं. रोज उठून कानावर आदळत होतं, कळणार नाही तर काय! चहाच्या टपरीवर कुणी सहज विचारावं, "गाव कुठलं, दादा?" तर हा गावाचं नाव सांगणार. विचारणारा म्हणणार, "तसं न्हवं, मूळ गाव?" हा म्हणणार, "मूळ बी हेच." मग तो माणूस डोकं खाजवणार, हा हट्टाला पेटणार आणि माझा चहा गार होणार. अरे बाबा, एकदा बिहारमधलं सिवान म्हणून टाक आणि सुटका कर! पण नाही. "मी तिथं राहिलो का? तिथं शाळंत गेलो का? मग माझं गाव ते कसं?" बरोबर होतं त्याचं. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर चहा प्यायला जाऊ नये, एवढं मी त्याच्याकडून शिकलो.

पुढं त्यानं सणसवाडीच्या चौकात नळ-पाइपांचं दुकान टाकलं आणि जत्रांच्या दिवसांत मैदानं गाजवायला लागला. काय आवाज होता! हलगी थांबली की नुसतं "ऐकाऽऽ" म्हणायचा आणि झाडावर चढलेली माणसंसुद्धा गप्प. मातीत उतरलेल्या प्रत्येक पैलवानाची तालीम, वस्ताद, मागच्या वर्षीचा डाव, सगळं तोंडपाठ. राहूच्या एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कुणाच्यातलं हाय वो हे पोरगं?" मी म्हणालो, "आमच्यातलं." दिनेशनं ते ऐकलं. परत येताना गाडीवर मागं बसून म्हणाला, "बाळ्या, आमच्यातलं न्हवं, आपल्यातलं म्हणायचं असतं." मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण गाडी चालवत होतो.

आता टॉवेलचं सांगतो. आमच्या जत्रेत बाहेरगावाहून आलेल्या मानकऱ्यांचा टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार करतात. गावच्या माणसाचा करत नाहीत. गावचा माणूस वर्गणी देतो, खुर्च्या मांडतो आणि शिव्या खातो. दिनेश वर्गणी द्यायचा, खुर्च्या मांडायचा, शिव्याही खायचा, दिवसभर घसा फोडून पुकारा करायचा, आणि शेवटी कमिटीवाले माईक हातात घेऊन म्हणायचे, "आता आपले पाहुणे दिनेशभाऊ यांचा सत्कार..." त्याचा चेहरा बघवायचा नाही. हसून टोपी घालून घ्यायचा आणि रात्री टॉवेल आमच्या घरी आणून टाकायचा. "घे, वहिनीला फरशी पुसायला दे." आमच्या घरातली फरशी कित्येक वर्षं सत्काराच्या टॉवेलांनी पुसली जाते आहे. एका वर्षी त्यानं हात जोडून कमिटीला सांगितलं, "एवढं करा, माझा सत्कार करू नका." त्यांना वाटलं, काय विनयशील माणूस! त्या वर्षी टॉवेलावर शालही घातली. सांगा आता, ह्या लोकांचं काय करायचं?

मी आबांशी भांडलो. आबा कमिटीत जुने, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. आबा म्हणाले, "आरं, मानच करतोय की त्याचा. त्यात वाईट काय?" मी म्हणालो, "आपण तरी कुठले हितले? मेंढरामागं फिरत आलेली माणसं. आपल्या पंजोबाला गावानं टॉवेल दिला व्हता का?" आबा शांतपणे म्हणाले, "न्हाई. कुत्री सोडली व्हती अंगावर." आणि पानाला चुना लावायला लागले.

तिकडचीही गंमत ऐका. दिनेशची आजी वारली तेव्हा तो मला सोबत घेऊन सिवानकडं त्यांच्या गावी गेला. तिथं त्याला सगळे बंबइया म्हणत होते, आणि ह्यानं मुंबई एकदाच पाहिली होती, तीही शाळेच्या सहलीत. तो चुलतीशी बोलला की ती दुसरीकडं बघून विचारायची, "ई का बोलत बा?" म्हणजे, हा काय बोलतोय? आम्हा दोघांना वेगळ्या बाजेवर बसवलं, सगळ्यांच्या आधी वाढलं, घरच्या कुठल्या कामाला हात लावू दिला नाही. निघताना काकांनी दोघांच्या खांद्यांवर एकेक नवा गमछा टाकला. पाहुण्यांना तसं पाठवायची तिकडं रीत. माझ्या खांद्यावर टाकला तसाच, त्याच रंगाचा, त्याच्याही. गाडी सुटल्यावर त्यानं तो घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "बाळ्या, हितं बी टॉवेलच." मी हसलो, तर तोही हसला... आणि मग खिडकीकडं तोंड करून रडला. मी चिडून चहावाल्याला हाक मारली.

तो गेला आणि महिन्याभरानं आमची जत्रा आली. पुकाऱ्याला दुसऱ्या गावचा कुणी आणला होता, त्याला पैलवानांची नावंही धड येत नव्हती. कुस्त्या सुरू होण्याआधी सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. मग माईकवरून जाहीर झालं, "कैलासवासी दिनेशभाऊंचे वडील आज पाहुणे म्हणून लाभले आहेत, त्यांचा सत्कार आबांच्या हस्ते." मी मनात म्हटलं, मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत हे! चाचांना धरून आखाड्यात आणलं. आबांनी टॉवेल पुढं केला. चाचांनी तो हातानं मागं सारला. माईक चालूच होता, त्यामुळं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "आबा, ठेवा. कोणी पाव्हणा आला असंल, त्याला द्या. आपण तर घरचेच हाय ना?"

आपण. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा म्हातारा बरोबर बोलला! आणि ज्यानं त्या एका शब्दापायी स्वतःचा आणि आमचाही घसा कोरडा केला, तो ऐकायला नव्हता. दिन्या, लेका, महिनाभर थांबायला काय झालं होतं तुला?

आबांनी टॉवेल काखेत मारला, चाचांचा हात धरला आणि कमिटीच्या रांगेत स्वतःच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. कुस्त्या संपेपर्यंत आबा शेजारी उभे होते. रात्री घरी आल्यावर तो टॉवेल त्यांनी मोरीजवळच्या खिळ्याला अडकवला. बायकोनं विचारलं, "हा कुणाचा वो, आबा?"

"आपलाच हाय," आबा म्हणाले.

मी जेवत होतो. घास खाली ठेवला आणि म्हणालो, "हेच तुम्ही तो जिता असताना माईकवर म्हणाला असता, तर काय झालं असतं, आबा?"

आबांनी टॉवेल खिळ्यावरून ओढला. त्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ तोंडावरून काढलाच नाही.